मुलगी दिवसभर एकच कमांड चालवते, यात करिअर आहे का?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लागली. तिला परदेशी बँकेच्या मेनफ्रेम (बँकेचे व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक) प्रोजेक्टवर टाकलंय. म्हणते, "आई, मी कोड लिहीतच नाही. दुसऱ्यांनी बनवलेली बार फाईल घ्यायची, जॉब सबमिट करायचा, इंटिग्रेशन सर्व्हरवर डिप्लॉय झालं की मेल टाकायचा." तेही बऱ्याचदा शनिवारी रात्री. मैत्रिणी क्लाउड आणि एआय करतात, म्हणून ती राजीनाम्याच्या गोष्टी बोलते. तिला काय सांगू? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी स्वतः बारा वर्षं हेच काम केलंय, म्हणून तिचा कंटाळा मला समजतो. तरी राजीनामा आत्ता देऊ देऊ नका. कारण ती काय करते, ते तिला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही.

बँकेची खाती मेनफ्रेमवर असतात, आणि तिथली नोंद कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या ठरावीक लांबीच्या रकान्यांत बसवलेली असते. ग्राहकाच्या हातातलं मोबाइल अ‍ॅप मात्र जेसन या वेगळ्याच मांडणीत बोलतं. या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करतं ते आयबीएमचं 'इंटिग्रेशन बस' हे सॉफ्टवेअर. त्यातले फ्लो, म्हणजे कोणता संदेश कसा बदलून कुठे पाठवायचा याचे आराखडे, एका बार फाईलमध्ये बांधून येतात आणि 'एमक्यूएसआयडिप्लॉय' या कमांडने सर्व्हरवर चढवले जातात, यालाच डिप्लॉय म्हणतात. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही कमांड जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला काम सांगायच्या भाषेत) घालून जॉब म्हणून चालवता येते. तुमची मुलगी तो जॉब सबमिट करते, म्हणजे दुभाष्याला नवीन वाक्यं शिकवून कामावर उभा करते. तो चुकला, तर खातं जागेवर असूनही ग्राहकाला शिल्लक दिसत नाही.

आता पुढचं तिलाच वाचायला द्या.

बेटा, त्या कमांडला 'एम' हा एक पर्याय आहे. तो दिला नाही, तर बारमध्ये जे आहे तेवढंच बदलतं. दिला, तर त्या सर्व्हरवर आधी चढवलेलं सगळं निघून जातं आणि फक्त नवीन बार उरते. माझ्या दुसऱ्याच वर्षी रात्री दोन वाजता जुन्या जॉबची कॉपी करताना तो 'एम' तसाच राहिला. जॉब हिरवा, डिप्लॉय यशस्वी असा मेसेज, मीही मेल टाकून मोकळा झालो. वीस मिनिटांनी फोन आला, त्याच सर्व्हरवरचे दुसऱ्या टीमचे फ्लो गायब होते. जुन्या बार एकेक करून शोधून परत चढवेपर्यंत उजाडलं. तेव्हापासून डिप्लॉयच्या आधी आणि नंतर सर्व्हरवर काय चढलंय ते दाखवणारी 'एमक्यूएसआयलिस्ट' ही कमांड चालवून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय मी मेल पाठवला नाही. तूही आजपासून तसंच कर.

दुसरं, 'डब्ल्यू' म्हणजे थांबायचे सेकंद. काही दिलं नाही तर ६०. मोठी बार असली की टाइमआउट येतो आणि घाबरून लोक जॉब पुन्हा सबमिट करतात. टाइमआउट म्हणजे डिप्लॉय फसलं असं नव्हे. कमांडने वाट पाहणं सोडलेलं असतं, सर्व्हर कदाचित अजून काम करतोय. आधी यादी बघ, मग ठरव. आणि बार मेनफ्रेमवर नेताना एफटीपी (फाईल पाठवायची पद्धत) बायनरीतच ठेव. टेक्स्टमध्ये गेली की आस्की या नेहमीच्या अक्षरसंकेताचं मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये रूपांतर होतं आणि फाईल बिघडते. बार ही मुळात झिप फाईल आहे, ती उघडून आत काय आहे ते एकदा तरी बघ. तुझ्या टीमच्या जुन्या कागदांत 'एक्झिक्युशन ग्रुप' असं नाव सापडेल, तोच आजचा इंटिग्रेशन सर्व्हर. कमांडमध्ये 'ई' या पर्यायापुढे त्याचंच नाव द्यायचं असतं.

ताई, आता कडू भाग. हे काम याच रूपात तिला पंधरा वर्षं पुरणार नाही. इंटिग्रेशन बसनंतर २०१८ साली आलेलं अ‍ॅप कनेक्ट एंटरप्राइज थेट झेड/ओएसवर चालत नाही. ते लिनक्सवर आणि कंटेनरमध्ये चालतं. म्हणजे दुभाषा मेनफ्रेमच्या बाहेर राहायला चाललाय, पण खाती अजून आतच आहेत. दोन्ही घरं ओळखणारा माणूस लागतो, आणि तो सहज मिळत नाही. तुमच्या मुलीने निम्मं अंतर आधीच चाललंय. ते सोडून क्लाउडच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहणं मला पटत नाही.

म्हणून तिने दीड वर्ष तिथेच राहावं, पण नुसतं राहू नये. अ‍ॅप कनेक्टची डेव्हलपर आवृत्ती फुकट मिळते. ती लॅपटॉपवर टाकून स्वतःचा एक फ्लो बनवावा, बार बांधावी आणि डिप्लॉय करावी. आयबीएमचं 'झेड एक्सप्लोर'ही फुकट आहे, तिथे खऱ्या मेनफ्रेमवर जेसीएलचा सराव होतो. झोवे म्हणून एक मुक्त प्रकल्प आहे, त्यामुळे मेनफ्रेमच्या फाइल्स आणि जॉब व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधून हाताळता येतात. तिच्या वयाच्या मुलांना मेनफ्रेमच्या जुन्या, हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनपेक्षा ते जवळचं वाटतं. रोजचे जॉब जेनकिन्सच्या (अशी कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) पाइपलाइनमधून कसे चालवायचे, हा प्रस्ताव तिने स्वतः लिहून लीडला द्यावा. बायोडेटात 'डिप्लॉयमेंट सपोर्ट' एवढ्या दोन शब्दांऐवजी या प्रस्तावाची ओळ आली, तर मुलाखतीत विचारायला भरपूर सापडतं.

मॅनेजरला अप्रेझलच्या वेळी एकच गोष्ट विचारावी : येत्या सहा महिन्यांत मला फ्लो बनवणाऱ्या टीमसोबत आठवड्यातून एक दिवस बसता येईल का? लेखी विचारावी, मेलवर. दोनदा विचारूनही नाही आलं, तर मात्र कंपनी बदलावी, आणि तेव्हा मी तिला अडवणार नाही.

शनिवारच्या रात्रपाळीबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते खटकलं. घरी सोडायला कंपनीची गाडी असते का आणि बदली सुट्टी मिळते का, हे तिला आजच विचारा. नसेल, तर त्याची मागणी करणारा मेल सगळ्यांत आधी गेला पाहिजे.