खिडकी बंद करून कूलर लावला होता

जून-जुलै आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो, नवीन शहरात आलोय, पहिल्या दिवसापासूनच नकोसं झालंय, माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का मॅडम? मला दरवेळी कुडाळकडचा तो मुलगा आठवतो. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

बँकेत लागलेला, वय २६, पहिलं पोस्टिंग थेट नागपूर आणि तेही मे महिन्यात, म्हणजे पारा ४४-४५ वर. मनीषनगरला टॉप फ्लोअरची रूम, डोक्यावर नुसता स्लॅब. समोर बसला आणि यादीच काढली त्याने, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, जे असतात ते तोंडाला दुपट्टे बांधून, मी मराठीत विचारतो तरी भाजीवाला हिंदीतच बोलतो, पोह्यांवर तिखट तर्री ओततात, आणि ऑफिसमधला एकजण पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय बे!" हे सांगताना डोळ्यांत पाणी. "मॅडम, मला माझ्या वडलांनी पण असं कधी हाक मारली नाही."

मी पक्की नागपूरची. हसू आलं होतं, गिळलं. आमच्याकडे बरोबरीच्या माणसाला जवळचं मानलं की बे लागतं, पण हे समजावून काय उपयोग, त्याला लागलं ते लागलंच होतं.

आणि इथे चूक माझी झाली. मी म्हटलं शहर बघ जरा, दीक्षाभूमी, झिरो माईल, फुटाळा, मेट्रोने फिर. त्याने बिचाऱ्याने शिस्तीत एका रविवारी सगळं उरकलं आणि पुढच्या वेळी आला तो जास्तच उतरलेला. फुटाळ्यावर प्रत्येकासोबत कोणीतरी होतं आणि हा एकटा कठड्याला टेकून. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला हे आधीच सुचायला हवं होतं खरं.

मग साधं विचारलं, झोपतोस किती? दोन-तीन तास. कूलर नाही? आहे, पण त्याने अजूनच चिकचिक होते. खिडक्या? बंद, एसी लावल्यावर करतात तशा. घ्या! अहो कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो म्हणून ती गार होते, तो खिडकीत हवा आणि आत आलेली हवा बाहेर जायला दुसरीकडे फट हवी, नाहीतर तीच दमट हवा गोल गोल फिरते आणि खोलीत कोकण तयार होतं, समुद्र सोडून. तीन आठवडे न झोपलेला माणूस कुठल्याही शहराला शिव्याच घालणार ना.

स्टँड लावायला कोणाला तरी बोलव म्हटलं, कोणाला ते मुद्दाम सांगितलं नाही. तो नेमका बेवाल्याकडे गेला. "काऊन बे, खिडकी बंद करून कूलर लावते का कोणी?" असं म्हणत तो पठ्ठ्या संध्याकाळी पाना-पक्कड घेऊन हजर, सोबत आईने दिलेला डबा.

दुसरी गोष्ट आईचा व्हिडिओ कॉल. रोज रात्री दीड तास, तिकडे आई रडते इकडे हा, आणि मग झोप कुठली. फोन कमी कर असं मी म्हटलं नाही, फक्त वेळ बदलली, सकाळी कर, तेही ठेल्यावर पोहे खाताना, रोज त्याच ठेल्यावर. पंधरा दिवसांनी पोहेवाला म्हणाला, "तर्री कम, मालूम है मेरेको." हे त्याने मला दोनदा सांगितलं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही हो. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली, कामावर जाणंच बंद, किंवा जगावंसं वाटत नाही असं मनात येत असेल तर कूलर, पोहे वगैरे सोडा आणि सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यातही जगावंसं न वाटण्याला दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी. रात्रीअपरात्री कोणीच नसेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ऑगस्टमध्ये तो शेवटचा आला. बदलीचा अर्ज त्याने भरलाच होता, कोकणासाठी. मी अडवलं नाही, कशाला अडवू, घर ते घर. निघताना मात्र दारात थांबून विचारत होता, मॅडम, बदली झाली तर कूलर कुडाळला चालेल का? म्हटलं नाही रे बाबा, दमट हवेत काय चालतो तो. मग इथेच ठेवतो म्हणाला, त्या बेवाल्याकडे.