दोष कुणाच्या माथी गेला ते बघ

प्रिय मित्रा,

‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ड्रॅक्युला’ या कादंबऱ्यांवर आणि त्यांच्या सिनेमांवर लिहायला बसला आहेस, तर आधी एक सवय मोड. पुस्तकात अमुक होतं, सिनेमात ते नाही, ही यादी कुणीही करतं. बदल सापडला की एवढंच विचार: यानं दोष कुणाच्या माथी गेला?

दिग्दर्शक जेम्स व्हेलचा 1931चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ घे. त्यात फ्रिट्झ नावाचा मदतनीस चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि घडवायच्या प्राण्यासाठी गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे कोळसा उगाळावा तितका काळाच! मेरी शेलीच्या कादंबरीत असा मदतनीसही नाही आणि असला मेंदूही नाही. तिथला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, म्हणजे प्राण्याचा निर्माता, डॉक्टर नव्हे, जर्मनीतल्या इंगोलश्टाट विद्यापीठाचा विद्यार्थी. आठ फुटी देह तो एकटाच घडवतो आणि त्यानं डोळे उघडताच घाबरून पळतो. प्राणी बिघडतो तो टाकून दिल्यामुळे, प्रत्येक दारातून हाकलल्यामुळे. शिवाय तो बोलतो, आणि काय बोलतो! झोपडीच्या फटीतून माणसांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, कवी मिल्टन आणि चरित्रकार प्लुटार्क वाचतो. 1831च्या आवृत्तीतली 11 ते 16 ही प्रकरणं त्याच्याच तोंडची आहेत. ती सलग वाच. पडद्यावर तो गुरगुरतो, म्हणजे आरोपीची साक्षच काढून टाकली.

मुलीचा प्रसंगही ताडून बघ. कादंबरीत तो बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि बदल्यात गोळी खातो. सिनेमात फुलांसारखी तीही तरंगेल या समजुतीनं तो मुलीला तळ्यात टाकतो. पुढे बराच काळ हा भाग कापलेल्या प्रती चालल्या, त्यात तर त्याचा भाबडेपणाही दिसेना. म्हणून कुठली प्रत पाहिलीस ते लेखात लिही. पुस्तकाचंही तसंच: 1818च्या आवृत्तीत व्हिक्टरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ त्याची आतेबहीण आहे, 1831मध्ये सांभाळायला आणलेली परकी मुलगी.

सगळं खापर दिग्दर्शकावर फोडू नकोस. मदतनीस आणि मुका प्राणी हे दोन्ही 1823च्या लंडनच्या नाटकातच आले होते. व्हेलच्या सिनेमाची श्रेयनामावलीही वाच. पेगी वेबलिंगच्या नाटकाचं नाव तिथे सरळ दिलं आहे. व्हेलनंच 1935च्या पुढच्या भागात प्राण्याला थोडं बोलतं केलं, आंधळ्या म्हाताऱ्याकडे बसवलं. प्राण्याचं काम करणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या हातांच्या हालचाली मात्र 1931मध्येही पुष्कळ सांगून जातात. हे न बघता ‘पुस्तकच बरं’ म्हणणं आळशीपणाचं.

ड्रॅक्युलाकडे थोडक्यात. ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या कादंबरीत हा रक्तपिपासू काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा दिसतो. उजेडानं मरणं 1922च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटापासूनचं. कादंबरीत तो संपतो तो त्याचा पाठलाग करणाऱ्या जोनाथनच्या कुकरीनं आणि मॉरिसच्या सुऱ्यानं. 1992च्या सिनेमानं नावातच ब्रॅम स्टोकर घेतला आणि जोनाथनच्या बायकोला, मीनाला, काउंटची पूर्वजन्मीची प्रेयसी केलं. स्टोकरची मीना सगळ्यांच्या डायऱ्या टंकलिखित करून तारखेवार लावते, काउंटचा परतीचा मार्गही तीच तर्कानं ताडते. लेखाचा दुसरा भाग तिच्यावरच लिही, आणि त्यासाठी 26वं प्रकरण आधी वाच.

तुझा,
एक जुना वाचक