खिडकीतून डोंगर दिसावा, घर दिसू नये

*वाचकांचे प्रश्न : पडदे आणि खिडक्या*

प्रश्न : ताई, ठाण्यात घोडबंदर रस्त्याला पाचव्या मजल्यावर आमचं घर आहे. हॉलची ८ फुटी खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. गेल्या वर्षी समोर ४० फुटांवर नवी इमारत उभी राहिली. आता उजवीकडच्या ५ फुटांत त्यांची घरं दिसतात आणि डावीकडे ३ फुटांत डोंगर उरलाय. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून डोंगर बघतात. जाड पडदे ओढले की म्हणतात, "मला कोंडू नका गं." उघडे ठेवले की समोरच्यांची नजर थेट सोफ्यावर. शिवाय डिसेंबरात चार वाजल्यापासून ऊन त्यांच्या डोळ्यांवर येतं. दुकानदार सांगतो, काचेला आरशासारखी फिल्म लावा, सगळं सुटेल. लावू का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : फिल्म लावू नका, निदान एवढ्या भरवशावर तरी नको. आरशासारखी फिल्म म्हणा किंवा पातळ जाळीचा पडदा म्हणा, दोघांचं काम एकाच गोष्टीवर चालतं. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला पलीकडचं दिसत नाही. दुपारी बाहेर लख्ख असतं, म्हणून तुम्ही झाकलेल्या राहता. संध्याकाळी तुम्ही ट्यूब लावली की सगळं उलटं होतं.

हे मी फार वाईट पद्धतीने शिकले. गेली २८ वर्षं मी डोंबिवलीत पडदे शिवते आणि बसवते. धंद्यात नवी असताना कल्याणच्या एका घरी तळमजल्यावर पांढऱ्या जाळीचे पडदे लावून दिले. भर दुपारी त्या बाईंना रस्त्यावर उभं करून दाखवलं, बघा, आतलं काही दिसत नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला, शेजारीण म्हणते रात्री तुमचं सगळं घर दिसतं. मी रात्री साडेआठला जाऊन तिथेच उभी राहिले. ताटातली काकडीची कोशिंबीर दिसत होती. त्या बाई आठवडाभर त्याच खोलीत निजत होत्या. दुसऱ्या दिवशी मी माझ्या खर्चाने आतून दुसरा पडदा शिवून दिला. तेव्हापासून कोणतंही कापड दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा बाहेरून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही.

आता तुमची खिडकी. कापड बघायला जाण्याआधी कागदी चिकटपट्टी आणा आणि सासूबाईंच्या खुर्चीत स्वतः बसा. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात. तिथून डोंगराची कड काचेवर कुठून कुठपर्यंत दिसते, तिथे कुणाला तरी पट्टी लावायला सांगा. मग सोफ्यावर बसा आणि समोरच्या खिडक्या काचेत कुठे दिसतात, तिथे दुसरी पट्टी लावा. सोफ्यावरून तुम्हाला त्यांची खिडकी दिसत असेल, तर त्यांनाही तुम्ही दिसता, ही अगदी पक्की परीक्षा. डावीकडच्या तीन फुटांतूनही तिरपी नजर सोफ्यावर येत असेल, तर आधी सोफा दीड-दोन फूट सरकवून बघा. कित्येकदा तेवढ्याने भागतं आणि डोंगर झाकावा लागत नाही.

तुमच्या पत्रावरून मला तरी स्पष्ट दिसतं की ही एक खिडकी नाही, दोन आहेत. सगळीकडे ८ फुटांना एकच पडदा लावायची पद्धत आहे, कारण शिवणाऱ्याला ते सोपं जातं. तुम्ही मात्र खिडकी वाटून घ्या. उजवीकडच्या पाच फुटांत बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तिथे पातळ पांढरा पडदा वरपासून खालपर्यंत कायमचा सोडून द्या. तो उघडायचाच नाही. उजेड त्यातून दुधासारखा येत राहील. कापड मात्र खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट घ्या, कारण चुण्या कमी पडल्या की पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो आणि झाकतही कमी.

डावीकडच्या तीन फुटांना सनस्क्रीन कापडाचा रोलर, म्हणजे वर नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, बसवा. या कापडाच्या विणीत बारीक भोकं असतात. ती किती, ते ओपननेसच्या टक्क्यांत सांगतात : १, ३, ५, १०. आकडा वाढला की बाहेरचं जास्त दिसतं आणि ऊनही जास्त येतं. पश्चिमेच्या उन्हाला मी ३ टक्के देते. तुमचं ऊन वर्षातले काही महिनेच डोळ्यांवर येतंय आणि डोंगर महत्त्वाचा आहे, म्हणून ३ आणि ५, दोन्हींचे वीतभर तुकडे दुकानातून मागून आणा. दुपारी चारला काचेला चिकटवा आणि सासूबाईंना विचारा. निर्णय त्यांचा.

रंगाबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. पांढरं सनस्क्रीन घेऊ नका. पांढऱ्या कापडावर ऊन पडलं की तेच चकाकतं आणि पलीकडचा डोंगर धुक्यात गेल्यासारखा होतो. गडद राखाडी किंवा कॉफीच्या रंगाच्या कापडातून तो स्वच्छ दिसतो. गडद कापड थोडं जास्त तापतं, हे खरं, पण म्हाताऱ्या डोळ्यांना चकाकी जास्त त्रास देते.

डिसेंबरातच ऊन का टोचतं, तेही सांगते. थंडीत सूर्य नैऋत्येला मावळतो. पश्चिमेकडे तोंड केलं की नैऋत्य डाव्या हाताला येते, म्हणजे तुमच्या मोकळ्या बाजूला. एप्रिल-मेमध्ये तो उजवीकडे सरकतो आणि संध्याकाळी त्या नव्या इमारतीमागे जातो. तेव्हा रोलर रोज खाली ओढायची गरज नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, चार ते सहा एवढाच तो खाली असेल. एरवी काच उघडी. सासूबाईंना कोंडल्यासारखं वाटणार नाही.

राहिली रात्र. रात्री सनस्क्रीनही काही झाकत नाही, म्हणून संपूर्ण आठ फुटांवर आतल्या बाजूने दुसऱ्या ट्रॅकवर जाड कापडाचा पडदा ठेवा आणि दिवेलागणीला ओढा. डोंगर तसाही तेव्हा दिसत नाही. रात्रीचा पडदा फार जाड नको असेल, तर दिव्याची जागा बदला. दिवा माणसाच्या मागे असला की सावली पडद्यावर पडते. दिवा माणूस आणि पडदा यांच्या मध्ये असला की पडत नाही.

प्रश्न : कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाच्या खोलीसमोर शेजारच्या बंगल्याची गच्ची आमच्यापेक्षा जरा वर आहे, तिथे सतत कुणी ना कुणी असतं. खाली मात्र सुंदर गुलमोहर आहे. झेब्रा ब्लाइंड घ्यावा असं पत्नी म्हणते. मुलगा दोन वर्षांचा आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : झेब्रा नको. त्यात जाळीचा पट्टा आणि बंद पट्टा आलटून पालटून येतो, गुलमोहर कापून कापून दिसेल. तुमच्यासाठी आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन योग्य. पट्टीची आतली कड वर आणि बाहेरची कड खाली, अशी तिरकी ठेवा. गच्चीवरच्या माणसाची खाली येणारी नजर पट्ट्यांना अडते, तुमची खाली जाणारी नजर मात्र पट्ट्यांच्या मधून थेट झाडावर. नेमकं उलटं फिरवलंत, तर गच्चीला तुमच्या खोलीचं तिकीटच मिळेल, तेवढं जपा. लाकडी पट्ट्या पावसाळ्यात वाकतात, ॲल्युमिनियमच्या घ्या.

दोऱ्यांचा विषय मी सोडणार नाही. लोंबणारी दोरी किंवा साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो, अशाने मुलं दगावली आहेत. दोरीशिवाय चालणारा प्रकार मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला, तर दोरी जमिनीपासून ५ फुटांवर खुंटीला गुंडाळा आणि पाळणा, खुर्ची, खेळण्यांची पेटी खिडकीपासून लांब सरकवा. हे आजच करा, ब्लाइंड सावकाश घ्या.

प्रश्न : वाईला आमचं जुनं घर अगदी गल्लीला लागून. जोतं दोन फूट. खिडकी लावली की दिवसा दिवा लागतो, उघडली की येणारा-जाणारा आत बघतो. मुलगा म्हणतो, रोलर बसवू.
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, तुमच्या मुलाचा हेतू चांगला आहे, पण रोलर वरून खाली येतो. उजेड येतो तो वरच्या भागातून, आणि तोच आधी झाकला जातो. तुमच्याकडे आपल्या आयांनी वापरलेला अर्धा पडदाच हवा, स्प्रिंगच्या तारेवरचा.

हिशेब करून बघा. वाटसरूचे डोळे रस्त्यापासून ५ फुटांवर. जोतं २ फूट, म्हणजे तुमच्या जमिनीपासून ३ फुटांवर. पडद्याची वरची कड जमिनीपासून ५ फुटांवर ठेवली, तर गल्लीच्या पलीकडे १५ फुटांवर उभ्या माणसाची नजर खिडकीपासून १० फूट आत पोचेपर्यंत सहा फुटांच्याही वर गेलेली असते. त्याला तुमचं छत दिसेल, फार तर माळा. तुम्हाला वरच्या अर्ध्या खिडकीतून आभाळ मिळेल.

कापड मांजरपाट घ्या, न रंगवलेलं. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन बोटं आटतो आणि खाली फट पडते. तार खिडकीच्या मापापेक्षा दोन इंच कमी कापा, म्हणजे ताण राहील. खिडकी ४ फुटांहून रुंद असेल, तर मध्ये एक हूक ठोका, नाहीतर वर्षभरात तार मध्येच झोळ धरते.