टँक : तळी, टाकी की रणगाडा?

प्रश्न : इंग्रजी पुस्तकांत देवळाच्या तळीला 'टँक' म्हणतात, गच्चीवरच्या टाकीलाही टँक आणि रणगाड्यालाही टँकच! हा शब्द मूळचा कुठला? आपली 'टाकी' त्यावरूनच आली का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : टाकी इंग्रजीवरून आलेली नाही. उलट इंग्रजांनीच हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून उचलला, आणि तेव्हा त्याचा अर्थ तळे असाच होता. पत्र्याचे भांडे हा अर्थ नंतरचा.

खरा वाद त्याआधीचा आहे. काही अभ्यासक मराठी 'टाके' आणि त्याच्या गुजराती भावंडाकडे बोट दाखवतात. काहींच्या मते मूळ पोर्तुगीज 'तांके' हा शब्द. तो वाहते पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. दोन वेगवेगळे शब्द आपल्या किनाऱ्यावर एकमेकांत मिसळले, हे आम्हाला जास्त पटते. मात्र कातळातली टाकी पोर्तुगीजांच्या आधीची, म्हणून शब्दही तितकाच जुना, असा युक्तिवाद करू नये. कान्हेरीच्या प्राचीन शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे.

रणगाड्याचे नाव मात्र निव्वळ गुप्ततेपोटी पडले. 1915 साली ब्रिटनमध्ये हे यंत्र तयार होत असताना, आपण पाणी वाहून नेणारी वाहने बनवतो आहोत असे भासवले जाई. डिसेंबरात सरकारी कागदावर 'टँक' आले, 15 सप्टेंबर 1916 रोजी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते यंत्र उतरले आणि नाव कायम झाले. बिनबाह्यांच्या 'टँक टॉप'चा रणगाड्याशी काही संबंध नाही. तिथे टँक म्हणजे पोहण्याचा तलाव.

भाषांतर करताना घोटाळा होतो तो जुन्या कागदपत्रांत. 'टँक'बरोबर बांध, मोरी, एकर, ओलिताची जमीन असे शब्द आले तर तो तलाव. हैदराबादचा 'टँक बंड' म्हणजे हुसेनसागराचा बांध. गॅलन, झाकण, नळ आले तर टाकी. किल्ल्याच्या वर्णनात कातळ खोदल्याचा उल्लेख असेल तर टाके. देवळाजवळ पायऱ्या असलेला 'टँक' दिसला की आपल्या गोव्यात सरळ 'तळी' लिहावे. फोंड्याच्या साफा मशिदीशेजारच्या बांधीव 'टँक'लाही तळीच म्हणावे, 'मशिदीची टाकी' नव्हे.