‘वंचना’, ‘वंचितता’ की ‘आबाळ’?

प्रश्न असा आला आहे : मुलांच्या गरिबीवरच्या एका अहवालाचं मराठी करताना ‘डिप्रायव्हेशन’ला ‘वंचना’ लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर आईने विचारलं, "या मुलांना फसवलं कुणी?" मग लिहावं काय?

आईचं बरोबर आहे. संस्कृतात ‘वञ्च्’ म्हणजे वाकडं जाणं, त्यावरून चकवणं, फसवणं. ‘आत्मवंचना’, ‘प्रवंचना’ यांत ती फसवणूक आजही ऐकू येते. ‘वंचित’चा मूळ अर्थही फसवला गेलेला असाच, मराठीत मात्र तो ‘मिळायला हवं ते न मिळालेला’ असा रुळला. त्यामुळे नाम हवंच असेल तर ‘वंचितता’ घ्या. उच्चारताना जीभ अडखळते, पण गैरसमज तरी होत नाही.

‘अभाव’ का नको? अभाव म्हणजे नसणं, आणि इथे मोजायचं ते नुसतं नसणं नाही. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी युनिसेफसाठी 2003 मध्ये विकसनशील देशांतल्या मुलांची गरिबी मोजली, ती घरातल्या उत्पन्नाकडे न बघता. अन्न, पाणी, शौचालय, आरोग्य, निवारा, शिक्षण आणि माहिती अशा सात गोष्टी धरल्या. पाण्याची अट अशी : प्यायला नदी-ओढ्याचंच पाणी असेल, किंवा पाणी पंधरा मिनिटांच्या वाटेहून लांब असेल, तर ते मूल तीव्र वंचित. आता ओढा खळखळतोय, तिथे पाण्याचा अभाव कसा म्हणणार? निवाऱ्याचंही तसंच. एका खोलीत पाचांहून जास्त माणसं, किंवा खाली नुसती मातीची जमीन असेल, तर वंचित. (शेणाने लख्ख सारवलेली जमीन आपल्याकडे नीटनेटकेपणाची खूण, तक्त्यात ती गरिबीच्या रकान्यात जाते. माझ्या आजीला हे पटवणं अवघड गेलं असतं.)

मला ‘वंचित’ आवडतो तो त्याच्या व्याकरणासाठी. ‘गरीब’ हे विशेषण एकटं उभं राहतं. ‘वंचित’ला ‘-पासून’ लागतं. कशापासून, हे सांगितल्याशिवाय वाक्य लटकतं. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये दिवसाला 2250 कॅलरींचा आधार घेऊन दारिद्र्याची रेषा आखली, तेव्हा एका आकड्याच्या वर की खाली एवढाच प्रश्न होता, आणि त्याला ‘गरीब’ पुरेसा होता. सात रकाने आले की ‘कशापासून?’ असं विचारणारा शब्दच हवा. राजकारणात ‘वंचित’ हल्ली नाम होऊन एकटा वावरतो, तिथे ते चालतं. अनुवादात मात्र ‘वंचित बालके’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

आणि वंचित कोण, तेही तपासा. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात, म्हणजे अनेक बाजूंनी गरिबी मोजणाऱ्या मापात, बारा निकष आहेत, पण तिथे गरीब ठरतं ते कुटुंब. शाळेच्या वयाचं एक जरी मूल आठवीपर्यंतच्या शिक्षणाबाहेर असेल, तर शिक्षणाच्या त्या निकषावर सगळं घर वंचित. म्हणजे शाळेत जाणारा भाऊ आणि घरी राहिलेली बहीण एकाच खुणेखाली. उलट, बाकी बरं चाललेल्या घरात एखादं पोर कुपोषित असेल, पण घराच्या एकूण वंचिततेचं माप एक-तृतीयांशाच्या आत राहिलं, तर ते घर गरिबांत धरलं जात नाही, आणि मग ते पोरही नाही. 2019-21च्या पाहणीवरून निघालेला देशातल्या गरिबांचा 14.96 टक्के हा आकडा माणसांचा, पण ठरलेला घरांवरून. तिथे ‘वंचित मुले’ लिहिलंत तर ती चूक शब्दाची नाही, आशयाची होईल.

‘बहुआयामी’ मला हिंदी वळणाचा वाटतो. ‘त्रिमितीय’ असताना ‘बहुमितीय’ का नाही? पण तो रूढ झालाय, राहू द्या.

आता तक्त्याबाहेरच्या मजकुराविषयी. तिथे ‘वंचितता’ पानभर आली की वाचक पेंगतो. मुलांसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : आबाळ. खाण्यापिण्याची आबाळ, शिक्षणाची आबाळ. ‘हेळसांड’ म्हटलं की बोट आईबापाकडे जातं. ‘परिस्थितीमुळे आबाळ झाली’ म्हणताना कुणावर आरोप होत नाही. शिवाय आबाळही ‘कशाची?’ असं विचारायला लावते. आकड्यांच्या वाक्यात ती बसत नाही, हे खरं. ‘दोन आबाळी’ कुणी म्हणत नाही. तिथे क्रियापद वापरा. ‘पारखं होणं’ नको, त्यात आधी हाती असलेलं दुरावल्याची छटा आहे, आणि यातल्या बऱ्याच मुलांच्या हाती ते कधी आलेलंच नसतं. ‘मुकणं’ चालेल, ते न मिळालेल्यालाही लागू पडतं.

तुमचं वाक्य होतं : ‘दोन किंवा अधिक वंचना असलेली बालके’. मी लिहीन : ‘या सातांपैकी निदान दोन गोष्टींना मुकलेली मुलं’.