आरएक्स-८ चं रोटरी इंजिन घरी खोलून पुन्हा बांधता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये २००४ ची माझदा आरएक्स-८ आहे. गरम असताना बंद केली की पुन्हा स्टार्ट होत नाही. वर्कशॉपने कॉम्प्रेशन तपासलं, मागच्या रोटरच्या तीनपैकी दोन बाजू जवळजवळ शून्य निघाल्या, आणि त्यांनी सरळ इंजिन बदलायला सांगितलं. पिस्टन इंजिनची कामं तुम्ही गावाकडे केली आहेत, तेव्हा हे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये खोलून बांधता येईल का?

येईल. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर हात बसला, आणि आता ऑकलंडमध्ये इंजिन मशिनिंगचं काम करतो. इकडे रोटरीचे वेडे पुष्कळ, त्यामुळे ही इंजिनं सतत टेबलावर येतात. तुमच्यासारख्या माणसाला हे काम जमेल असं मला मनापासून वाटतं. फक्त एक विनंती: रिबिल्ड किट आधी मागवू नका. कोणता भाग पुन्हा वापरायचा आणि कोणता फेकायचा हे मोजमाप घेऊनच ठरतं, आणि या इंजिनात सगळी मेख तिथेच आहे.

आधी तुमच्या आकड्यांचा अर्थ सांगतो. या इंजिनात पिस्टनच्या जागी रोटर फिरतो. तो त्रिकोणी, त्याच्या तीन टोकांवर तीन एपेक्स सील, म्हणजे गॅस अडवणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक एपेक्स सील दोन शेजारच्या बाजूंच्या मधे असतो. म्हणून एक सील तुटला की दोन बाजू एकदम जातात आणि तिसरी ठणठणीत राहते. एकच बाजू कमी असती तर मी साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरच्या सीलवर, संशय घेतला असता. तिन्ही सारख्याच कमी असत्या तर ती एकूण झीज समजायची. तुमच्या बाबतीत मागच्या रोटरचा एक एपेक्स सील मोडलाय, हे जवळपास नक्की. रेनेसिस इंजिनला (आरएक्स-८ च्या इंजिनाचं हे नाव) २५० आरपीएमला चौरस सेंटिमीटरला साधारण ८.५ किलो कॉम्प्रेशन असावं लागतं आणि ६.९ ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक चालत नाही. पुढच्या रोटरचे तीन आकडे तुम्ही लिहिलेले नाहीत, ते वर्कशॉपकडून मागून घ्या. साधा पिस्टनचा गेज तिन्ही बाजूंमधला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो, त्यामुळे रोटरीचा खास टेस्टर वापरला होता का हेही विचारा.

आता आत काय दिसेल? आरएक्स-७ या माझदाच्या जुन्या रोटरी गाडीच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, परिघावर असतो. सीलचा तुकडा तिथून बाहेर उडतो आणि टर्बो असेल तर त्याच्या पात्यांचं नुकसान करतो. रेनेसिसमध्ये एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या लोखंडी प्लेटमध्ये आहेत. तुकड्याला सहज वाट मिळत नाही, तो आतच रोटर आणि हाउसिंगच्या मधे रगडला जातो. रोटरवर चेचल्याच्या खुणा आणि हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे, या दोन्हींची तयारी ठेवा.

पिस्टनवाल्या माणसाची सवय इथे आडवी येते. आपल्याकडे सिलेंडरला ओरखडा दिसला की बोअर मारायचा, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. रोटरीत ओव्हरसाइज हा प्रकारच नाही. रोटर हाउसिंग अॅल्युमिनियमचं, आत पोलादी पत्र्याचा थर आणि त्यावर क्रोम. नख अडकेल इतका खोल ओरखडा किंवा क्रोमचा पापुद्रा उडालेला दिसला तर ते हाउसिंग बाजूला ठेवा. पुन्हा मुलामा चढवून देणारी मोजकी वर्कशॉप आहेत, पण चांगलं जुनं हाउसिंग मिळत असेल तर मी तेच घेईन. या पृष्ठभागाची महती काय आहे ते १९६० च्या दशकात माझदाला हिरोशिमात कळलं. केनिची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या तुकडीने वर्षानुवर्षं या भिंतीवर उमटणाऱ्या लाटांसारख्या खुणांशी झुंज दिली. सीलचा पदार्थ बदलला, घडण बदलली, आणि तेव्हा कुठे १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विकण्यालायक झाली. तुमच्या हाउसिंगकडे बघताना घाई करू नका ती एवढ्यासाठीच.

खोलणं तसं सोपं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा आणि भयंकर घट्ट असतो, त्याला लांब दांड्याचा सॉकेट आणि फ्लायव्हील अडवायचा स्टॉपर लागेल. इंजिनची पुढची बाजू वर करून पुली आणि पुढचं कव्हर काढायचं, मग उलटं करून मागची बाजू वर घ्यायची आणि लांब टेन्शन बोल्ट थोडे थोडे सैल करायचे. त्यानंतर थर एकेक करून उचलले जातात. प्रत्येक सील ज्या खाचेतून निघाला ती खाच आणि ती बाजू चिकटपट्टीवर लिहून ठेवा. एका रोटरवर ३ एपेक्स, ६ कॉर्नर (कोपऱ्यातले) आणि ६ साइड सील असतात, शिवाय तेलाच्या रिंगा. ते एकमेकांत मिसळले तर झिजेचा मागही हरवतो.

मग मोजणी, आणि इथे पूर्ण वेळ द्या. रोटर हाउसिंगची जाडी चार ठिकाणी मायक्रोमीटरने घ्या, त्यांतला फरक ०.०६ मिमीच्या वर गेला तर हाउसिंग बाद. लोखंडी प्लेटवर सरळपट्टी आडवी धरून वाक बघा, ०.०४ मिमी ही मर्यादा. गाडी कधी जास्त तापली असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण अॅल्युमिनियम आणि लोखंड सारखं प्रसरण पावत नाहीत आणि त्यात पाण्याचे सीलही जातात. साइड सीलने प्लेटवर पाडलेली पायरी डायल गेजने मोजा, ०.१० मिमीपर्यंत ठीक. जास्त असेल तर लॅपिंग करता येतं, म्हणजे प्लेट घासून सपाट करता येते, पण वरचा कडक थर पातळ असतो, तो पुरता घासला गेला तर प्लेट लवकर झिजते. रोटरची एपेक्स खाच बघताना नवा सील आत टाकून बोटाने दाबा. तो मोकळेपणाने आत-बाहेर झाला पाहिजे. खाचेची कड चेचली असेल तर तो रोटर घालू नका. दुसरा रोटर घेताना तो रेनेसिसचाच हवा, आणि त्यावरचं वजनाचं अक्षरही जुळवा, नाहीतर बॅलन्स बिघडेल.

साइड सील हे सगळ्यांत किचकट काम. नवा सील किंचित लांब येतो. तो बारीक कानशीने घासून कॉर्नर सीलपाशी ०.०५ ते ०.१५ मिमी फट ठेवायची. मी ०.०५ च्या जवळ राहतो, कॉम्प्रेशन त्यातच मिळतं. रेनेसिसचे साइड सील पाचरीच्या आकाराचे आहेत, तेव्हा ते कुठल्या बाजूने बसतात ते नीट बघून घ्या.

बांधताना सील जागेवर धरून ठेवायला साधं व्हॅसलीन वापरा, ते नंतर वितळून जळून जातं. पुढची प्लेट खाली ठेवून वर चढत जायचं. मधली प्लेट घालताना शाफ्ट साधारण २५ मिमी वर उचलावा लागतो, तेव्हा सोबत दुसरा माणूस हवाच. सगळं जुळल्यावर पुढची बाजू पुन्हा वर करा, थ्रस्ट बेअरिंगं बसवा आणि पुढचा बोल्ट घट्ट होईपर्यंत इंजिन आडवं करू नका. आडवं केलं की त्यातलं सुयांचं बेअरिंग घसरून स्पेसरखाली चिरडतं. शेवटी डायल गेज लावून शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे होणारी हालचाल, घ्या. १३बी घराण्यात (रेनेसिस त्यातलंच) तो ०.०४ ते ०.०७ मिमी असतो, कमी-जास्त आला तर स्पेसर बदलायचा. प्ले अजिबातच नसेल तर बेअरिंग चिरडलंय असं समजून पुन्हा खोला.

इतकं करूनही सील का तुटला हे शोधलं नाही तर नवाही तुटेल. या गाडीत इग्निशन कॉइल कमजोर होतात, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तुंबतो आणि सगळी उष्णता इंजिनवर उलटते. कॉइल, प्लग, वायर नवेच घाला, कन्व्हर्टर काढून आरपार बघा, रेडिएटर तपासा. सीलला तेल देणाऱ्या नोझल उघड्या आहेत का तेही बघा. २००९ च्या सुधारित मॉडेलमध्ये माझदाने प्रत्येक रोटरला आणखी एक नोझल दिली. तुमच्या जुन्या गाडीत ती नाही, म्हणून मी पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल मिसळायला सांगेन.

पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी पेट्रोल बंद ठेवून क्रँक करा आणि तेलाचा दाब येऊ द्या. सुरुवातीला धूर पुष्कळ येईल, घाबरू नका, ते व्हॅसलीन आणि तेल आहे. कॉम्प्रेशनही आधी कमी दिसेल, सील बसत गेले की वाढेल. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर ४००० आरपीएमच्या खाली चालवा.

इंजिन खोललंत की मागच्या रोटर हाउसिंगच्या आतल्या भिंतीचा आणि तुटलेल्या एपेक्स सीलच्या खाचेचा जवळून फोटो इथेच टाका, सोबत जाडीचे चार आकडे लिहा. काय फेकायचं आणि काय ठेवायचं ते मिळून ठरवू, मगच किट मागवा.