ईवानला बोलू दे

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोस्तोव्हस्की या रशियन लेखकाची कादंबरी ‘ब्रदर्स करमाझोव’ अर्ध्यावर सोडावी का, असे तू विचारतोस. तिच्यातल्या ईवान या संशयी भावाचे बोलणे वाचल्यापासून तुला प्रार्थनेला बसवत नाही आणि तरुण संघात तुला सांगितले गेले, की ख्रिस्ती माणसाला पवित्र शास्त्र पुरे आहे. कादंबरी सोडू नकोस, आणि ईवानला उत्तर देण्याची घाई तर मुळीच करू नकोस. त्याला बोलू दे.

एका निरपराध लेकराच्या अश्रूंवर उभी राहणारी स्वर्गीय व्यवस्था मला नको, असे तो म्हणतो. हे लिहिणारा दोस्तोव्हस्की ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा होता, आणि या कादंबरीच्या तयारीच्या काळातच, १८७८ मध्ये, त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा वारला. ईवानच्या श्रद्धाळू भावाचे नाव तेच आहे. इतके सोसूनही त्याने संशयाची बाजू दुबळी करून मांडली नाही. जे म्हणणे त्याला स्वतःला खोडायचे होते, त्यालाच त्याने सगळे बळ दिले. मी याला श्रद्धा म्हणतो. प्रश्नाचे तोंड दाबून जी टिकते, तिला काय म्हणावे हे तूच ठरव.

पवित्र शास्त्रातल्या, निरपराध असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव. ते देवाची वकिली करत होते, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच भडकला. यथार्थ बोलला तो तक्रार करणारा ईयोब. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप थेट सुनावले नाही, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, न्याय राजाच्याच तोंडून वदवला आणि मगच म्हटले, “तो मनुष्य तूच आहेस.” दावीदाने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली म्हणून ती त्याच्यापर्यंत पोहोचली. कथेला मध्येच अडवणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, देवाला नव्हे.

आपल्याच मंडळीला कादंबरी परकी वाटावी, याचा मला विषाद वाटतो. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, १८५७ ची ‘यमुनापर्यटन’, ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी लिहिली. तिच्यात उपदेश पुष्कळ आहे, पण आज काळजाला भिडतात त्या विधवांच्या हकिकती, कारण तिथे त्या बायका बोलतात आणि लेखक ऐकतो.

तरुणांच्या हाती कादंबऱ्या देतो म्हणून मला समज देण्यात आली आहे. काही मुले उपासनेला येईनाशी झाली, तेव्हा दोष माझ्या पुस्तकांवर आला. त्या मुलांची सल मला अजून आहे, तरी माझे म्हणणे मी बदललेले नाही. ती ईवान वाचून गेली नाहीत. घरात मृत्यू झाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न पुरा होण्याआधीच त्यांना वचने ऐकवली गेली, म्हणून गेली. मी पुन्हा तीच पुस्तके देईन.

तेव्हा पुढे वाच. ईवानचा भाऊ अल्योशा याचा मठातला गुरू झोसिमा मरतो, चमत्काराची वाट पाहणाऱ्यांसमोर त्याच्या देहाला दुर्गंधी सुटते आणि अल्योशाची श्रद्धाही हलते. तो भाग गाळू नकोस. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर पवित्र शास्त्रातले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र म्हण, तेही अंधारातच संपते. आणि भेटायला येशील तेव्हा ईवानचे खंडन तयार करून आणू नकोस. त्याचे कोणते वाक्य तुला सोडवत नाही, तेवढे सांग.

तुझा,
एक वडीलधारा स्नेही